आधी धाकट्यानं बोलायचं

आमच्या सरांना कंबरदुखीवर बांधायच्या पट्ट्याचा मनस्वी राग होता. कुणी पट्टा आवळून दवाखान्याच्या पायऱ्या चढताना दिसलं की ते खुर्चीतून उठून थेट दारात जायचे आणि आलेल्या माणसाचं नावगाव विचारायच्या आधीच म्हणायचे, "काय पावणं, बैलाला वेसण आन् तुम्हाला ह्यो पट्टा कुणी घातला?" माणूस बिचारा गोंधळून जायचा. आधीच्या चार डॉक्टरांनी काय काय सांगितलं ते एका दमात ऐकवायची तयारी करून तो आलेला असायचा, आणि इथं डॉक्टर बैलाची गोष्ट काढून बसलेला. पण काही आठवड्यांत तो पट्टा सुटायचा. सुटलेला पट्टा घरी न्यायची परवानगी नव्हती. बाहेरच्या खोलीत भिंतीला एक लांबलचक खुंटाळं होतं, त्यावर तो टांगायचा. मी नवी होते तेव्हा मला वाटलं, हे पट्टे विकायला ठेवलेत, आणि एका पेशंटला मी त्यातला एक काढूनही दिला. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सर हाडांचे सर्जन. हात असा की त्यांनी बसवलेलं हाड नंतर कुठं मोडलं होतं ते शोधायला लागायचं. पण कंबरदुखीचा माणूस समोर आला की हा सर्जन सुरीचं नाव घेत नसे. बहुतेक कमरा कापायच्या नसतात, वापरायच्या असतात, असं त्यांचं म्हणणं. गावात त्यांची थट्टा व्हायची. ऑपरेशन नको म्हणणारा सर्जन म्हणजे तांबडा रस्सा नको म्हणणारा पैलवान, असं त्यांच्याच बरोबरीचे डॉक्टर म्हणायचे, आणि ते सरांच्या कानावर यायचं. सर म्हणायचे, रस्सा मलाही आवडतो, पण तापानं फणफणलेल्या माणसाला मी तो वाढत नाही.

दुसरा राग 'गादी सरकलीय' या वाक्यावर. मणक्यांमधल्या चकतीला आपल्याकडं गादी म्हणतात, आणि गादी सरकली असं एकदा कुणी सांगितलं की माणूस खाली पडलेला रुमाल उचलायलाही बायकोला हाक मारतो. दवाखान्यात हे वाक्य उच्चारणाऱ्याला दंड होता, सगळ्यांना कांदाभजी. देसाई डॉक्टरांच्या तोंडून ते वाक्य सगळ्यात जास्त वेळा निसटायचं, आणि तेही नेमकं पावसाळ्यात. ते मुद्दाम चुकायचे असा माझा संशय आहे.

देसाई डॉक्टर आमचे औषधाचे डॉक्टर. कंबर दुखतेय म्हणून आलेल्या माणसाला मुतखडा आहे का, मणक्यात टीबी आहे का, हे बघायचं काम त्यांचं. बोलणं अगदी सावकाश, दर वाक्याआधी "थांबा जरा." दुसऱ्या कांबळेबाई. त्या समाजकार्याची पदवी घेतलेल्या, त्यांच्या घरातल्या पहिल्या पदवीधर, आणि हे त्या ताठ मानेनं सांगायच्या. पेशंटचं घर, काम, झोप, भांडणं, भीती हे सगळं त्यांच्या वाट्याला. लोक त्यांना चौकशीवाल्या बाई म्हणायचे आणि सुरुवातीला त्यांच्यापासून चार हात लांब राहायचे. तिसरी मी, व्यायामवाली.

मी फिजिओथेरपी शिकून बाहेर पडले ती नव्वदच्या दशकाच्या मध्याला. कुरुंदवाडला आमची शेती. वडिलांना माझ्या शिक्षणाचं नाव धड घेता यायचं नाही, म्हणून ते पाव्हण्यारावळ्यांत 'पोरगी व्यायामाची डॉक्टर हाय' असं ठोकून द्यायचे. शाहूपुरीतल्या त्या दवाखान्यात मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी माझी सर्टिफिकेटं उघडूनसुद्धा पाहिली नाहीत. एकच प्रश्न विचारला, भांडता येतं का. मी म्हटलं, "कुरुंदवाडची हाय मी." ते हसले आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. हा प्रश्न का विचारला ते मला पहिल्याच बुधवारी कळलं.

बुधवारी दुपारी दवाखान्यात बैठक असायची. मोठ्या खोलीत सतरंजी अंथरलेली. सरांची गुबगुबीत फिरती खुर्ची आत आणायची आणि तिच्यावर पेशंटला बसवायचं. शेजारी साध्या खुर्चीवर पेशंटचं घरचं माणूस, आई, नवरा, सून, कुणीही, पण घरचं माणूस नसेल तर बैठक नाही. आम्ही सगळे खाली सतरंजीवर, सरही खालीच, भिंतीला टेकून. मग प्रत्येकानं आपलं म्हणणं पेशंटच्या तोंडावर मांडायचं. आधी सगळ्यात धाकट्यानं बोलायचं, मग त्याहून मोठ्यानं, सरांनी शेवटी, आणि सरांच्याही नंतर पेशंटनं. मोठा माणूस आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना डोलावतात, आणि मानेच्या दुखण्याचा दवाखाना वेगळा आहे, असं सर म्हणायचे. एकदा ठरलं की मात्र सगळ्यांनी एकच सांगायचं. एकानं झोपून राहा म्हणायचं आणि दुसऱ्यानं चालायला लावायचं, असा खेळ तिथं चालत नसे.

पहिल्यांदा हे बघणाऱ्याला धक्काच बसायचा. डॉक्टर पेशंटसमोर भांडतात म्हणजे काय. मी सरांना "हे चुकीचं आहे" असं म्हणायची, कांबळेबाई मला खोडून काढायच्या, देसाई डॉक्टर "थांबा जरा" म्हणून दोघींना थांबवायचे, आणि पेशंट फिरत्या खुर्चीवरून ह्याच्याकडं त्याच्याकडं वळत राहायचा. बिद्रीहून आलेल्या एका आजींनी तर बैठक संपल्यावर सांगितलं की माझं ठरताना एवढी माणसं पहिल्यांदाच भांडली, लग्नातबी न्हाईत.

माझ्यानंतर आमच्यात नवं कुणी टिकलंच नाही, त्यामुळं धाकटेपण कायम माझ्याकडंच राहिलं. पहिली काही वर्षं मला बुधवार नकोसा वाटायचा. आज मात्र त्या मानाबद्दल मला कुणाचाही हेवा वाटत नाही.

ही रीत सरांना कुठून सुचली ते त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी एका मोठ्या इस्पितळात त्यांनी एका बाईच्या कमरेचं ऑपरेशन केलं होतं. ऑपरेशन उत्तम झालं, टाके सुरेख आले, आणि दुखणं होतं तिथंच राहिलं. सरांनी तिला विचारलं, असं कसं झालं. त्यावर ती म्हणाली होती, "मला कोण काय इचारलंच न्हाई की, सायेब. तुमी फोटोला इचारलासा. आप्रेशन फोटोचं झालं, माझं न्हाई." एक्स-रेला आमच्याकडं फोटोच म्हणतात. त्यानंतर सरांनी फोटो शेवटी बघायचं ठरवलं. पेशंट एक्स-रेची पिशवी पुढं करायचा आणि सर ती मांडीखाली घालून गप्पा मारत बसायचे.

त्यातूनच आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम आला. पेशंटच्या माघारी पेशंटबद्दल बोलायचं नाही. व्हरांड्यात नाही, जिन्यात नाही, चहाच्या टपरीवर तर नाहीच. एकदा मी आणि देसाई डॉक्टर टपरीवर उभे राहून गारगोटीच्या एका गृहस्थांबद्दल बोलत होतो. ते व्यायाम करत नाहीत आणि करतो म्हणून थापा मारतात, असं माझं म्हणणं होतं. सर कधी मागं येऊन उभे राहिले कळलं नाही. ते काही बोललेही नाहीत. दोन दिवसांनी पाहतो तर ते गृहस्थ गारगोटीहून हजर, फिरत्या खुर्चीवर बसलेले, आणि सर आम्हाला सांगतायत की टपरीवर ह्यांच्याबद्दल जे बोलत होता ते आता ह्यांना सांगा. देसाई डॉक्टरांची बोबडी वळली. मी कसंबसं बोलले. गृहस्थ ऐकून घेऊन म्हणाले की ताई, खरं हाय, वाकलं की भ्या वाटतंय. तिथून पुढं त्यांचं काम सुरळीत झालं, आणि आम्ही नंतर कधी टपरीवर पेशंटचं नाव काढलं नाही. नजरेनंसुद्धा बोलायचो नाही.

सरांची माणसं जपायची तऱ्हाही अशीच न बोलता. आम्ही जैन, चातुर्मासात मी दिवस मावळायच्या आत जेवायची. सरांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही, पण त्या चार महिन्यांत बैठक उन्हं असतानाच उठायची. चौदा एप्रिलला दवाखाना बंद असायचा, कारण कांबळेबाई मिरवणुकीत असायच्या. एकदा एका मोठ्या पेशंटनं त्यावरून कुरकुर केली, एका बाईसाठी अख्खा दवाखाना बंद कशाला म्हणून. सर त्याला म्हणाले, एक बोट नसताना मूठ आवळून दाखवा.

गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या एका एसटी ड्रायव्हरची गोष्ट सांगितल्याशिवाय सर कसे होते ते कळायचं नाही. हे ड्रायव्हर मामा पन्नाशीकडं झुकलेले. कंबर धरली म्हणून आधी रजा, मग आणखी रजा, मग डेपोत बैठं काम. कुणीतरी सांगितलेलं, आता स्टेअरिंग विसरा. खुर्चीवर बसून माणूस आणखीच वाकडा झाला होता. बैठकीत मी व्यायाम सांगितले. कांबळेबाईंनी सांगितलं की मामांना कमरेपेक्षा जास्त भीतीनं धरलंय. मामा भडकले. "म्हंजे मी नाटक करालोय व्हय?"

कांबळेबाई जागच्या हलल्या नाहीत. "नाटक नाही, मामा. दुखणं खरं आहे आणि भीती पण खरी आहे. दोघी बहिणी एकाच घरात राहतात."

त्यावर सरांनी निकाल दिला की आपण सगळ्यांनी गगनबावड्याला जाऊन यायचं. आणि खरंच, पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं, मामा आणि मामी एसटीत बसलो. गाडी दुसरा ड्रायव्हर चालवत होता, मामा त्याच्यामागच्या बाकावर. गगनबावड्याचा पाऊस म्हणजे खिडकीच्या फटीतून आत येऊन शेजारी बसतो. सर कंडक्टरच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि दर वळणाला मामांकडं बघत होते. मलाही तेच दिसलं. गाडी दुसराच चालवत होता, पण प्रत्येक वळणाला मामा श्वास कोंडायचे, खांदे कानाला लावायचे आणि नसलेलं स्टेअरिंग गच्च धरायचे. परतीच्या वाटेवर मी त्यांना वळणावर श्वास सोडायला शिकवलं, खांदे सैल ठेवायला शिकवलं. थांबा आला की चहाला बसायचं नाही, चहा हातात घेऊन गाडीभोवती चक्कर मारायची. मामींना कांबळेबाईंनी सांगितलं की आता अंथरुणावर ताट नेऊन द्यायचं बंद करा. मामी म्हणाल्या, त्यात माझीबी कंबर धरायला लागलीया.

मामा पुन्हा गाडीवर बसले. त्या साली खंडेनवमीला त्यांनी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या आणि डेपोत पूजेला आम्हा चौघांना बोलावलं. तिथल्या ड्रायव्हर-कंडक्टरांसमोर ते आमची ओळख करून देताना म्हणाले, "ही माझी डाक्टर मंडळी." एकाकडं बोट दाखवलं नाही, चौघांकडं हात फिरवला. सर त्या दिवशी घरी जाईपर्यंत खुशीत शीळ घालत होते.

दोन हजार साल उलटून गेलं होतं तेव्हाची पुढची गोष्ट.

सरांच्या पायात कायम करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल असायची. ते जिन्यात आले की आम्हाला आत कळायचं. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की डावी चप्पल वाजत नाही, घासते. दुसऱ्या दिवशी ती व्हरांड्यात त्यांच्या पायातून निसटली आणि सर दोन पावलं तसेच पुढं गेले, मग मागं वळून त्यांनी ती पायात अडकवली. माझं काम माणसाची चाल बघायचं. कंबर आठ-दहा दिवस धरली होती हे त्यांनीच सांगितलं होतं, पण कंबर धरणं वेगळं आणि पाऊल पडणं वेगळं. मणक्यातून पायाकडं जाणारी नस जोरात दाबली गेली की पाऊल उचलत नाही. आणि ताकद जायला लागली की वाट बघायची नसते, हे आम्हाला सरांनीच घोकून घेतलं होतं.

पण बोलायचं कुणाशी? पेशंटच्या माघारी बोलायचं नाही. कांबळेबाईंना विचारावं असं दहा वेळा मनात आलं आणि दहा वेळा मी गप्प बसले. सरांना तोंडावर विचारायचा प्रयत्न केला, तर ते जुनी चप्पल ढिली झाली असं म्हणून निघून गेले. मला वाटत होतं, हे एकट्या मलाच दिसलंय. नंतर कळलं की कांबळेबाईंनाही ते दिसलं होतं, देसाई डॉक्टरांनाही दिसलं होतं, आणि तिघंही सरांचाच नियम पाळून तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. जगात दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात ही चूक झाली नसती. तिथं पहिल्याच दिवशी चहावर सगळ्यांनी कुजबूज केली असती आणि तेच बरं झालं असतं.

एका सोमवारी सकाळी सर पायरीवर अडखळले. मी आणि कांबळेबाई दोन्हीकडून एकदमच धावलो, आणि दोघींनीही धरला तो त्यांचा डावा हात. कांबळेबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं. दोघींना सगळं कळलं. आता बोलायचं तर नियम आडवा. पण कांबळेबाई हुशार. त्या म्हणाल्या, "पेशंट इथंच आहेत की. बैठक घेऊ या."

सर म्हणाले, "आज सोमवार हाय."

"बुधवारपर्यंत थांबण्यासारखं असेल तर थांबू. ते बैठकीतच ठरेल."

माणूस स्वतःच्या नियमात असा अडकलेला मी दुसरा पाहिला नाही. सर दवाखान्याच्या मागच्या बाजूलाच राहायचे. घरचं माणूस म्हणून मी सरांच्या बायकोला, काकूंना, बोलावून आणलं. त्या भाकरी थापत होत्या, पिठाच्या हातानंच आल्या. फिरती खुर्ची आत आणली आणि सरांना तिच्यावर बसवलं. इतक्या वर्षांत ते त्या खोलीत त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसत होते, आणि त्यांना बसता येत नव्हतं. ते एका कुल्ल्यावर भार देऊन तिरके बसले.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी सरांना उभं राहून टाचांवर चालायला सांगितलं. उजवं पाऊल वर आलं, डावं आलं नाही. अंगठा माझ्या बोटाविरुद्ध वर ओढायला सांगितला. त्यात जोर नव्हता. ज्या माणसानं मला ही तपासणी शिकवली त्याचाच अंगठा माझ्या बोटाखाली गप्प पडून होता.

"सर, ऑपरेशन करायला लागेल," मी म्हटलं.

"व्यायामवाल्यांनी ऑपरेशन सांगायला कधीपास्नं सुरुवात केली?"

"तुम्ही शिकवलंय तेव्हापासून. दुखत असेल तर धीर धरा, ताकद जात असेल तर धरू नका."

सरांनी तोंड दुसरीकडं वळवलं. मग कांबळेबाईंची पाळी. त्यांनी सरांना काही विचारलंच नाही, काकूंना विचारलं, की तुम्हाला घरात आणखी काय दिसतंय. काकू सरांकडं बघू लागल्या. सर डोळ्यांनी नको म्हणत होते, ते आम्हा सगळ्यांना दिसलं. काकूंनी पदराला हात पुसले. "कालपासून लघवी अडकालीय. बराच वेळ आत असतात. मला कुणाला बोलू नको म्हणाले. पण बैठकीत घरच्या माणसानं लपवायचं न्हाई म्हणतात न्हवं?"

देसाई डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा "थांबा जरा" न म्हणता उठले. त्यांनी सरांना आत नेऊन तपासलं. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. बसायच्या जागेला बधिरपणा आला होता. ते इतकंच म्हणाले की उद्या नाही, आज, आत्ता, नाहीतर लघवीवरचा ताबा कायमचा जाईल आणि पायाचंही सांगता येणार नाही.

मग सरांची पाळी आली. ते खाली मान घालून बसले होते. असा पडलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. म्हणाले, "मला कळत न्हाई व्हय? पण अख्ख्या कोल्हापूरला सांगत आलो, कापू नका. आता मीच टेबलावर पडलो तर लोक काय म्हणतील? उद्यापास्नं ह्या खोलीत कोण येऊन बसंल? माझं जाऊ दे. तुमच्या तिघांच्या शब्दाला कोण इचारंल?"

म्हणजे हे होतं. स्वतःच्या पायापेक्षा त्यांना आमची बैठक मोडायची भीती होती. मला त्यांची माया कळली आणि त्याच वेळी इतका संताप आला की धाकटी आहे, माझी पाळी होऊन गेलीय, हे सगळं विसरून मी बोलले.

"कापू नका असं आपण कधी सांगितलं, सर? विचारल्याशिवाय कापू नका असं सांगितलं. आज तुम्हाला चौघांनी विचारलंय, तोंडावर."

काकू उभ्या राहिल्या आणि त्यांनी पिठाचाच हात सरांच्या खांद्यावर ठेवला. आता फक्त पेशंटचं बोलणं राहिलं होतं. सर म्हणाले, "मिरजेला फोन लावा."

मिरजेचे सर्जन म्हणजे सरांचे कॉलेजातले सोबती. ते मणक्याची ऑपरेशनं करायचे. सर त्यांना सुतार म्हणायचे आणि ते सरांना कीर्तनकार. डॉक्टरांच्या कुठल्याशा सभेत दोघांची जुंपली होती आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. फोन देसाई डॉक्टरांनी केला. पलीकडून एकही टोमणा आला नाही. ते म्हणाले, "घेऊन या. मी हात धुऊन उभा राहतो." आणि खरंच, आम्ही पोचलो तेव्हा ते दारात उभे होते. सरांना गाडीतून उतरवताना त्यांनी स्वतः खांदा दिला. त्याच दुपारी ऑपरेशन झालं.

लघवीचा त्रास काही दिवसांत गेला. पायाला वेळ लागला. पाऊल उचलायला शिकवायचं काम माझ्याकडं आलं, आणि इतका वाईट पेशंट मला आधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. दहा वेळा सांगितलं की आठ वेळा करायचे आणि दहा झाले म्हणून सांगायचे. मी मोजायला लागले की माझ्या गुरूंनीच मला मोजायला चुकीचं शिकवलंय, असं म्हणायचे. सुतारांनी काम बरं केलंय, हे मात्र त्यांनी मिरजेला पत्र लिहून कळवलं. मला ते पत्र वाचायला दिलं नाही, पण टाकायला मलाच पाठवलं.

गावात व्हायचं ते झालंच. कीर्तनकार टेबलावर झोपला, ही बातमी हां हां म्हणता पसरली. काही डॉक्टरांनी खूप दिवस ती चवीनं चघळली. बुधवारी खोलीत माणसं कमी दिसू लागली. सरांनी कुणाला काही समजावायला जायचं नाही असं आम्हाला बजावलं होतं. आम्ही तिघांनी बैठक चालू ठेवली होती. सरांची भिंतीजवळची जागा आम्ही मोकळी ठेवायचो, तेवढंच.

सर बैठकीला परत आले त्या बुधवारी फौंड्रीत साचे भरणारा एक मोल्डर आला होता, शिरोलीकडचा, चाळिशीचा, बायकोला घेऊन. भट्टीसमोर वाकून वाकून कंबर धरलेली. सर काठी टेकत आत आले आणि नेहमीसारखे खाली बसायला लागले. मी उशी दिली, ती त्यांनी बाजूला सारली. मोल्डर फिरत्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत होता. अजून कुणी तोंड उघडलं नव्हतं, तेवढ्यात तोच बोलला.

"डाक्टर, राग मानू नगा. तुमचं सवताचं दुखलं तवा तुमी मिरजेला जाऊन कापून घेतलासा. आन् आमाला म्हनताय व्यायाम करा. ह्ये कसं?"

त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. ज्या प्रश्नाच्या भीतीनं सर आपला पाय घालवायला निघाले होते तोच हा प्रश्न, आणि तो भर बैठकीत आला होता.

"व्हय, गेलतो की," सर म्हणाले. "माझं मी एकट्यानं ठरवलं असतं तर गेलो नसतो. हट्टानं घरात बसलो असतो आन् आज तुमच्यापुढं चालत आलो नसतो. ह्या तिघांनी मला त्याच खुर्चीवर बसवलं, तपासलं, माझ्या घरच्यांना इचारलं आन् तोंडावर सांगितलं. ह्यांनी मला जा म्हटलं, म्हणून गेलो. आता तुम्हाला ह्यांनी नको म्हटलं तर नको, आन् जा म्हटलं तर मी सवता मिरजेला फोन लावून देतो. माझी कंबर ह्यांच्या हवाली करण्याएवढा माझा ह्यांच्यावर भरवसा हाय."

असं त्यांनी आमच्याबद्दल आमच्यासमोर त्याआधी कधीच म्हटलं नव्हतं. कांबळेबाई पदर सारखा करू लागल्या. देसाई डॉक्टर छताकडं बघायला लागले. मी माझ्या आयुष्यात बक्षिसं मिळवली, पुढं स्वतःचा दवाखाना काढला, माझ्या हाताखाली मुली शिकून मोठ्या झाल्या. पण अभिमान म्हणजे काय ते मला त्या सतरंजीवर बसून कळलं.

मोल्डरनं आम्हा तिघांकडं एकेक करून नीट बघून घेतलं, सोयरिकीला आलेला माणूस बघतो तसं. मग कमरेला हात लावून तो सावकाश उठला, सरांच्या दिशेला असलेली खुर्ची त्यानं दोन्ही हातांनी आमच्याकडं वळवली आणि पुन्हा बसला.

"सांगा ताई," तो मला म्हणाला. "काय करायचं माझं?"